पाठ बघ आधी

गुआंगहुआच्या तिसऱ्या मजल्यावर
मी थेट झगमगत्या खोक्याकडे निघालो
तर पी-युन मावशीने बाही धरली.
"प्रोसेसर कुठला, ठरलंय?"
ठरलं नव्हतं.
"मग इथे काय वरात बघायला आलास?"

बावीस वर्षं ताओयुआनच्या कारखान्यात
ती भिंगाखाली हेच बोर्ड तपासायची.
मिनिटाला दोन.
डावं मनगट वायरीने टेबलाला बांधलेलं,
अंगातली वीज जमिनीत उतरावी म्हणून.
पास झालेल्या बोर्डाच्या कोपऱ्यात
तिचा गोल ठिपका: ४१.
ठिपके कुठकुठल्या देशांत गेले.
मग कारखानाही समुद्रापलीकडे गेला,
आणि एकेचाळीस नंबरचा एकही बोर्ड
आमच्या घरात कधी आला नाही.

"इंग्रजीत हिला आई म्हणतात," मी म्हणालो.
(आमच्याकडे ती नुसतीच मुख्य फळी.)
मावशीला मूलबाळ नाही. ती हसली.
"आई कसली! आई काहीही चालवून घेते.
हिचं तसं नाही.
सॉकेट एका घरचं असेल
तर दुसऱ्या घरचा प्रोसेसर उंबऱ्यावरून परत.
जुनी रॅम नव्या फटीत बसणार नाही;
खाच एवढीशी सरकलेली,
पण जन्माचं वाकडं."

"पेटी केवढी आहे?"
मी दोन्ही हात पसरून दाखवलं.
"असं मासा सुटलेले लोक दाखवतात," म्हणाली,
आणि पर्समधून शिंप्याची टेप काढून माझ्या हातात दिली.
मित्राला फोन करून मापं घेतली.
मोठा बोर्ड मावणार नव्हता.

दुकानदार लिआओने एक उघडून दाखवला,
कडेकडेने रंग बदलणारे दिवे.
"तुझ्या पेटीला काच आहे?"
"नाही."
"मग अंधारात नटायचं कुणासाठी?
ते पैसे इथे घाल,"
आणि प्रोसेसरच्या सॉकेटशेजारच्या
ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर तिने नख वाजवलं.
"रात्र रात्र लग्नांचे व्हिडिओ जोडतोस.
तापणार ते इथे."

मग तिने बोर्ड पालथा केला.
लिआओ दचकला. गिऱ्हाईकं असं करत नाहीत.
पाठीवर सांध्यांचे हजारो चमकते ठिपके,
भरतकामाच्या उलट्या बाजूसारखे.
चष्मा कपाळावर सरकवून
ती इतक्या जवळून बघत होती
की श्वासाची वाफ धरत होती.
"टाके बरे आहेत," म्हणाली.

"म्हणजे चांगला आहे ना?"

ती जरा वेळ बोलली नाही.
"एका वर्षी स्वस्तातले कपॅसिटर आले होते.
भिंगाखाली ठणठणीत.
मी ठिपके दिले.
दोन वर्षांनी बोर्ड परत येऊ लागले,
कपॅसिटरची डोकी फुगलेली, तपकिरी पाणी गळलेलं,
आणि कोपऱ्यात माझा आकडा.
एक पूर्ण खोली भरली होती, जुन-खाय.
वॉरंटीचा कागद नीट वाच.
भिंगाला पुढचं दिसत नाही."

लिआओने न मागता दोनशे कमी केले.
तिने आणखी शंभर मागितले,
आणि एका ठरलेल्या प्रोसेसरसाठीचा,
चार रॅमचा, बिनदिव्यांचा, मध्यम बोर्ड
घरी येईपर्यंत मांडीवरून उतरवला नाही.

रात्री जेवणाच्या टेबलावर खोकं फोडलं.
मी चंदेरी पिशवीत हात घालणार,
तोच ती ओरडली, "थांब! आधी लोखंडाला हात लाव!"
मी पेटीच्या पत्र्याला हात लावला.

तिने तर डावा हात
मनगट वर करून पुढे केला होता,
कुणीतरी पट्टा बांधेल अशी वाट बघत.
मग तिच्याच लक्षात आलं.
तोच हात पुढे नेऊन
तिने पहिला स्क्रू उचलला.